वर्गणीचें पत्र : मिळकत कोणती व देणें कोणतें

हल्लीं पुष्कळ शेतकरी संघांच्या मनांत असें येतें कीं, आपल्या तालुक्यापुरतें एखादें मासिक माहितीपत्र काढावें, वर्गणी जमवावी व त्यांत चार पैसे मिळवावे. हा विचार वाईट नाहीं. तथापि कित्येक पत्रें पहिल्या वर्षीं थाटानें निघतात व दुसऱ्या वर्षीं बंद पडतात. याचें कारण बहुधा लेखणींत नसून जमाखर्चांत असतें.

प्रथम, वर्गणी कशाबद्दल द्यावयाची हें ठरलें पाहिजे. लासलगांवचा कांद्याचा भाव आज मोबाइलवर फुकट कळतो. तेवढ्यासाठीं कोणी पैसे देणार नाहीं. परंतु कांदा आतांच विकावा कीं चाळींत ठेवावा, ठेवल्यास घट किती धरावी, याचा आपल्या तालुक्यापुरता जाणता विचार जेथें मिळेल, तेथें शेतकरी वर्गणी देईल.

दुसरी गोष्ट हिशेबाची. समजा, वार्षिक वर्गणी ३०० रुपये व वर्गणीदार ५००. जमा १,५०,००० रुपये. लेखनिकाचा पगार, जुळणी वगैरे कायम खर्च दरमहा ६,००० प्रमाणें वर्षास ७२,०००. कागद, छपाई व टपाल मिळून दर अंकास १० रुपये धरल्यास ६०,०००. एकूण खर्च १,३२,०००, शिल्लक १८,०००. पुढील वर्षीं २०० जणांनीं वर्गणी भरली नाहीं तर जमा ९०,००० व खर्च १,०८,०००. म्हणजे तितकीच, १८,००० रुपयांची तूट! कायम खर्च वर्गणीदारांबरोबर घटत नाहीं, हें यांतील मर्म होय. या हिशेबांत ४०० वर्गणीदार ही नफ्यातोट्याची शीव आहे.

तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट आगाऊ रकमेची. वर्षारंभीं हातीं आलेले दीड लाख हे आपले नव्हेत; तें वर्गणीदारांचें देणें आहे. चार अंक पोंचले म्हणजे ५०,००० आपले झाले. बाकीचे १,००,००० अद्याप फेडावयाचे आहेत. ही रक्कम आरंभींच कचेरीच्या सजावटींत घालविणें म्हणजे बियाण्याचें धान्य दळून खाणें होय. तिचें खातें निराळें ठेवावें व अंक निघेल तसतसा बारावा हिस्सा उचलावा.

या धंद्यांत यश येतच नाहीं असें मात्र नाहीं. किर्लोस्करवाडीच्या लोखंडी नांगरांच्या कारखान्यांतून १९२० सालीं ‘किर्लोस्कर खबर’ निघाली. पुढें तिचेंच सर्वसामान्य मासिक झालें. १९३० सालीं ‘स्त्री’ व १९३४ सालीं ‘मनोहर’ हीं तिचीं भावंडेंहि निघालीं. तिच्या पाठीशीं चालता धंदा होता. संघाच्या पाठीशीं सभासद आहेत. म्हणून आधीं त्यांच्यांतच वर्गणीदार मोजावे.

नियतकालिकांच्या नोंदणीचा १८६७ चा कायदा जाऊन २०२३ चा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून अमलांत आला आहे. त्याप्रमाणें नोंदणी केल्यावांचून अंक काढूं नये.

शेवटीं एवढेंच कीं, नव्या वर्गणीदारांच्या संख्येवर फार भुलूं नये. मुदत संपल्यावर पुन्हा पैसे भरणारे किती, हें दरमहा वहींत मांडावें. तो आंकडा शीवेखालीं उतरूं लागला, तर वर्ष पुरें करून शिल्लक असतांच हात आवरावा. त्यांत अब्रू राहते.