मंद होणारा दिवा काय सांगतो

जालन्यांत कुंडलिकेच्या दोन्ही तीरांवर लांकडी तुळयांचीं, माळवदांचीं जीं जुनीं घरें अजून उभीं आहेत, त्यांपैकीं पुष्कळांत वीज मागाहून आली. आणि तीहि एकदम नव्हे, तर गरजेप्रमाणें. प्रथम ओसरीवर एक दिवा, मग पंखा, पुढें फ्रिज, पाण्याचा पंप आणि उन्हाळ्यांतला कूलर. प्रत्येक नव्या जोडणीबरोबर तारेंत एक नवा सांधा पडला. अशा घरांत सायंकाळीं दिवा मिणमिणूं लागला म्हणजे कोणी दिवा बदलतो, कोणी वीज कंपनीला बोल लावतो. परंतु दिव्याचें मंद होणें हें केवळ लक्षण आहे. वैद्य जसा लक्षणावरून रोगाचें स्थान शोधतो, तसें येथेंहि शोधलें पाहिजे.

पहिला प्रश्न, कोणकोणते दिवे मंद होतात? एकच दिवा लुकलुकत असेल, तर दोष त्या दिव्यांत, होल्डरांत किंवा त्याच्या बटणांत असतो. जुन्या पद्धतीची नळी असेल, तर बहुधा स्टार्टर किंवा नळीच संपलेली असते. एका खोलींतील सर्व दिवे मंद झाले, तर त्या खोलीकडे जाणारा सांधा सैल समजावा. सारें घरच मंद झालें, तर मुख्य फ्यूज, मीटर किंवा खांबावरून येणारी तार पाहावी लागते. शेजाऱ्यांकडेहि तोच प्रकार असेल, तर दोष गल्लीच्या डीपीकडे किंवा तिच्यावरील भाराकडे आहे. अंबड, घनसावंगीकडील खेड्यांत मोसंबीच्या बागांचे पंप एकाच वेळीं चालूं झाले कीं गांवचे दिवे उतरतात; तेथें घरांतील तारा उकलण्यांत अर्थ नाहीं.

दुसरा प्रश्न, केव्हां मंद होतात? पंप सुरू होतांना क्षणभर दिवा उतरून पुन्हा पूर्ववत् झाला, तर तें बहुधा स्वाभाविक आहे. चालूं होतांना मोटर अधिक प्रवाह ओढते. परंतु गीझर चालूं असेपर्यंत दिवा उतरलेलाच राहिला, तर कोठें तरी प्रवाहाला अडथळा आहे. केवळ पावसाळ्यांत असें होत असेल, तर माळवदांतून झिरपणारें पाणी कोणत्या सांध्यापर्यंत पोंचतें, तें पाहावें.

सैल सांधा इतका भयंकर कां, हें थोड्या गणितानें कळतें. सांध्याचा अवरोध १ ओहम आहे असें समजा. त्यांतून अर्धा अँपिअर प्रवाह गेला, तर पाव वॉट उष्णता निर्माण होते. ती कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. गीझरमुळें ८ अँपिअर गेला, तर दाब ८ व्होल्टनीं उतरतो. पण उष्णता होते ६४ वॉट. इ. स. १८४१ मध्यें जूल यानें हाच नियम मांडला कीं, उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. रेडिओ दुरुस्त करणाराची डाख देण्याची साधी सोल्डरिंग आयर्न बहुधा २५ वॉटची असते. तिच्या अडीचपट ताप एका लहानशा स्क्रूखालीं, वाळलेल्या लांकडी पट्टीवर! तार अल्युमिनियमची असेल, तर धोका अधिक. ती स्क्रूखालीं हळूहळू दबून सैल होते आणि तिच्यावर प्रवाहास अडविणारी पापुद्र्यासारखी पूट चढते.

येथें एक नवी अडचण सांगितली पाहिजे. २३० व्होल्टांचा दाब १० टक्के उतरला कीं तंतूच्या जुन्या दिव्याचा प्रकाश सुमारें ३० टक्के घटत असे. म्हणून तो घराचा पहारेकरी होता. चांगला एलईडी दिवा मात्र दाब उतरला तरी प्रवाह स्थिर ठेवतो आणि पूर्ववत् उजळतो. सांधा तापतच राहतो, सूचना मिळत नाहीं. अशा घरांत बटणाचा ऊन स्पर्श, काळवंडलेला सॉकेट, जळक्या रबराचा वास किंवा बोर्डांतून येणारा चरचर आवाज हींच लक्षणें उरतात.

सर्वांत गंभीर प्रकार निराळाच आहे. कांहीं दिवे मंद आणि त्याच वेळीं दुसरे अवाजवी प्रखर झाले, तर खांबावरील किंवा तीन फेज घेतलेल्या घरांतील न्यूट्रल तुटली वा सैल झाली असें समजावें. अशा वेळीं दोन फेजमधील सुमारें ४०० व्होल्टांचा दाब दोन्हींकडील उपकरणांत विषम वांटला जातो. जेथें भार थोडा, तेथें दाब फार. फ्रिज, टीव्ही क्षणांत जळतात. तत्काळ मुख्य स्विच बंद करून १९१२ या क्रमांकावर महावितरणला कळवावें.

गृहस्थानें स्वतः करावयाचें तें इतकेंच: कोणता दिवा, कोणत्या वेळीं, कशाबरोबर मंद होतो याची दोनतीन दिवस टिपणी ठेवावी. जळका वास किंवा ऊन बोर्ड आढळल्यास मात्र टिपणीसाठीं थांबूं नये; मुख्य स्विच बंद करावा. सांधा उघडण्याचें काम परवानाधारक वायरमनचें. आणि किटकॅटमधील फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यांत जाड तार कोणीहि घालूं नये. वितळणें हेंच फ्यूजचें काम आहे. तो वितळला नाहीं, तर भिंतींतली तार वितळेल.