पडद्यामागचा दिवा

संगणकाचा पडदा एकाएकी काळा पडला म्हणजे तो निकामी झाला असे आपण समजतो व तो टाकून देण्याचा विचार करू लागतो. परंतु पुष्कळदा पडदा निकामी झालेला नसतो. त्याच्या मागे असलेला दिवा तेवढा विझलेला असतो. चित्र जागच्या जागी उमटत असते, पण ते दिसण्यास उजेड नसतो. हा भेद कसा ओळखावा, दोष कोठे शोधावा आणि तो दूर करताना कोणती काळजी घ्यावी, याचा विचार येथे करावयाचा आहे.

उदाहरणासाठी चेन्नई शहराच्या दक्षिण भागातील वेलचेरी हे उपनगर घेऊ. ज्यांची उपजीविका संगणकावर चालते अशा कुटुंबांची येथे दाट वस्ती आहे. उपनगराच्या दक्षिणेस पल्लिकरणै नावाची विस्तीर्ण दलदल असून पावसाळ्यात दक्षिण चेन्नईचे पाणी ती सामावून घेते. याच दलदलीच्या पेरुंगुडीकडील भागात शहराचा कचरा अनेक दशके टाकला गेला. डिसेंबर २०१५ च्या महापुरात वेलचेरीच्या अनेक वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा दलदलीचा संकोच किती महाग पडतो याची चर्चा सर्वत्र झाली. २०२२ साली या पाणथळीचा रामसर करारातील यादीत समावेश झाला. अशा ठिकाणी, दुरुस्त होऊ शकणारा पडदा कचऱ्यात टाकणे हा केवळ पैशाचा प्रश्न राहत नाही.

चित्र आणि उजेड

१८८८ साली फ्रीड्रिख रायनित्झर या प्राग येथील वनस्पतिशास्त्रज्ञास असे आढळले की, एक विशिष्ट पदार्थ जणू दोनदा वितळतो. १४५.५ अंश सेल्सिअसला त्याचा गढूळ द्रव होतो व १७८.५ अंशांना तो द्रव स्वच्छ होतो. ही गढूळ अवस्था म्हणजेच द्रवस्फटिक. त्याचे रेणू द्रवासारखे वाहतात, तथापि स्फटिकातल्याप्रमाणे एका दिशेने रांग धरून राहतात. या विषयात भारताचाही वाटा मोठा आहे. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत प्रा. एस्. चंद्रशेखर व त्यांचे सहकारी यांनी १९७७ साली चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधून काढले.

द्रवस्फटिक स्वतः प्रकाश देत नाहीत. त्यांचा पातळ थर दोन ध्रुवक पत्र्यांमध्ये बसविलेला असतो. साध्या प्रकारच्या पडद्यात मागच्या पत्र्यातून आलेल्या प्रकाशलहरींची दिशा द्रवस्फटिक काटकोनात वळवितात, त्यामुळे प्रकाश पुढच्या पत्र्यातून बाहेर पडतो. विद्युत् दाब दिला की रेणू उभे राहतात, दिशा वळत नाही आणि प्रकाश अडतो. म्हणजे पडदा ही लक्षावधी इवल्या खिडक्यांची भिंत होय. दाराआडून डोकावणाऱ्या उजेडाप्रमाणे मागच्या दिव्याचा जेमतेम दहावा हिस्सा, किंबहुना त्याहूनही कमी, प्रकाश आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. दिवा विझल्यावर पडदा पूर्ण काळा भासतो याचे कारण हेच.

दिव्याची रचना

सुमारे २०१० पर्यंतच्या बहुतेक पडद्यांत वरच्या व खालच्या कडेला पेन्सिलीहूनही बारीक काचनळ्या असत. घरातील ट्यूबलाइटची ही धाकटी भावंडे होत. नळी पेटविण्यास १,००० व्होल्टहून अधिक दाब लागतो. तो इन्व्हर्टर नावाचे मंडल निर्माण करते. पुढे नळ्यांची जागा एलईडीच्या पट्ट्यांनी घेतली. दोन्ही प्रकारांत कडेचा प्रकाश एका पारदर्शक पाटीत शिरतो व तिच्यावरील ठिपक्यांमुळे विखरून सर्व पडद्यावर सारखा पसरतो.

विजेरीची परीक्षा

प्रथम साध्या गोष्टी पाहाव्यात. वीज येते काय, तार नीट बसली आहे काय, उजळपणा शून्यावर तर ठेवलेला नाही ना? हे सर्व ठीक असल्यास खोलीत अंधार करावा, संगणक चालू ठेवावा व प्रखर विजेरीचा झोत पडद्यावर जवळून, तिरकस धरावा. झोताखाली अक्षरे किंवा चित्रे पुसटशी दिसली तर पडदा व मुख्य मंडल शाबूत आहेत आणि दोष दिव्याच्या बाजूस आहे. काहीच दिसले नाही तर दोष बहुधा अन्यत्र शोधावा लागेल.

आणखी काही लक्षणे उपयोगी पडतात. चित्र स्वच्छ दिसून दोन सेकंदांत मावळत असेल, तर इन्व्हर्टरमधील संरक्षक योजनेस काही बिघाड जाणवला असून तिने दिवा बंद केला आहे. सुरुवातीस पडद्यावर तांबूस छटा येत असेल, तर नळी जुनी झाली आहे. पडद्याचा एखादाच भाग काळवंडला असेल, तर एलईडीची एखादी माळ बंद पडली असावी. दिवाळीच्या जुन्या विजेच्या माळेत एक दिवा गेला की सारी माळ विझे; येथेही एकामागून एक जोडलेल्या एलईडींचे तसेच होते.

दोषाचा शोध व उपाय

सर्वांत वारंवार आढळणारा दोष अगदी क्षुल्लक वस्तूचा असतो. वीजपुरवठ्याच्या मंडलात नळकांड्याच्या आकाराची विद्युत् धारित्रे असतात. त्यांचा माथा सपाट असावयास हवा. तो फुगला असेल अथवा त्यातून तपकिरी द्रव झिरपला असेल, तर ते धारित्र निकामी समजावे. आतील द्रव उष्णतेने सुकत जातो. दर १० अंश तापमानवाढीबरोबर धारित्राचे आयुष्य साधारणतः निम्मे होते, असा ठोकताळा आहे. १०५ अंशांस २,००० तास टिकणारे धारित्र ७५ अंशांस १६,००० तास टिकेल. रोज ८ तास काम धरल्यास ही सुमारे साडेपाच वर्षे होतात. वायुवीजनाची छिद्रे धुळीने बुजली की हा हिशेब आणखी आखडतो. नवे धारित्र तितक्याच धारकतेचे, तितक्याच किंवा अधिक व्होल्टचे व १०५ अंशांचे घ्यावे, आणि धन-ऋण टोके तपासूनच डाख द्यावा.

धारित्रे ठीक असल्यास इन्व्हर्टरचा फ्यूज पाहावा. त्यानंतर त्यावरील लहान रोहित्रांच्या वेटोळ्यांचा रोध, वीज बंद ठेवून, मल्टिमीटरने मोजावा. दोन जुळ्या रोहित्रांची मोजमापे एकमेकांशी ताडून पाहणे ही उत्तम रीत होय. एकाचे मोजमाप फारच वेगळे आल्यास दोषी तेच. नळीच्या बाबतीत मात्र मल्टिमीटरचा उपयोग नाही, कारण चांगली नळीसुद्धा तार तुटल्याप्रमाणेच मोजमाप देते. तिच्या जागी चालू असलेली दुसरी नळी जोडून पाहणे हाच खात्रीचा मार्ग.

हे सुटे भाग चेन्नईत रिची स्ट्रीटच्या बाजारात मिळतात. वेलचेरीहून उन्नत लोहमार्गाने चिंताद्रिपेट स्थानकावर उतरले की हा बाजार फार दूर नाही. आपल्याकडे मुंबईचा लॅमिंग्टन रोड व पुण्याची बुधवार पेठ यांचे स्थान तेच आहे.

सावधगिरी

विजेरीची परीक्षा कोणीही करावी. पेटी उघडण्याचे काम मात्र विद्यार्थ्यांनी जाणकाराच्या देखरेखीवाचून करू नये. तार काढल्यानंतरही वीजपुरवठ्यातील मोठ्या धारित्रात सुमारे ३२५ व्होल्टचा दाब काही काळ टिकून राहू शकतो. तो उतरला आहे हे मोजल्यावाचून मंडलास हात लावू नये. पुरात भिजलेला पडदा तर तपासणीपूर्वी चालू करूच नये.

दुसरा धोका पाऱ्याचा. प्रत्येक काचनळीत काही मिलिग्रॅम पारा असतो. नळी फुटल्यास खिडक्या उघडाव्यात, केरसुणीने झाडू नये. तुकडे जाड कागदाने व चिकटपट्टीने उचलून झाकणाच्या बरणीत बंद करावेत. कचऱ्यातून पाणथळीच्या चिखलात पोहोचलेल्या पाऱ्याचे काही जीवाणू अतिविषारी मिथिल-पाऱ्यात रूपांतर करतात, व तो माशांच्या शरीरात साठत जातो. जपानमधील मिनामाता येथे १९५६ साली उघडकीस आलेला भीषण रोग कारखान्याच्या सांडपाण्यातील याच द्रव्यामुळे उद्भवला होता. एका नळीतील पारा अत्यल्प असला, तरी अशा नळ्या टाकणारी घरे असंख्य असतात, हे विसरता कामा नये.

१ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या नियमांनुसार ई-कचऱ्याची विल्हेवाट नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्रांमार्फत व्हावयास हवी. म्हणून जो पडदा खरोखरच दुरुस्त होण्यासारखा नसेल, तो घरच्या कचऱ्यात न घालता अशा केंद्राकडे पोहोचेल असे पाहावे. मात्र त्यापूर्वी विजेरीची परीक्षा अवश्य करावी. तिला दोन मिनिटे पुरतात, आणि दोष पुष्कळदा थोडक्या रुपयांच्या धारित्रात निघतो.