सरळ रेषा म्हणजे दुपटीला दुप्पट नव्हे

य = मक्ष + क हे सरळ रेषेचे समीकरण. यात म हा रेषेचा चढ (क्ष एकाने वाढल्यावर य मध्ये होणारा बदल) आणि क ही क्ष शून्य असतानाची य ची किंमत.

घरच्या टाकीत आधीच 200 लिटर पाणी आहे आणि नळातून मिनिटाला 15 लिटर पडते, असे समजा. क्ष मिनिटांनंतरचे पाणी य = 15क्ष + 200. इथे 15 हा चढ, 200 ही सुरुवात.

आलेख सरळ आला की क्ष दुप्पट झाल्यावर य सुद्धा दुप्पट होतो, असे अनेकांना वाटते. पण टाकीत 10 मिनिटांनी 350 लिटर पाणी असते आणि 20 मिनिटांनी 500, 700 नव्हे. दुप्पट होते ती भर: 150 ची 300. एकूण पाणी दुप्पट व्हायला टाकी आधी रिकामी हवी, म्हणजे क शून्य हवा. तेव्हाच रेषा आरंभबिंदूतून (दोन्ही अक्ष छेदतात तो बिंदू) जाते आणि य हा क्ष च्या समप्रमाणात असतो.

तापमानाचेही तसेच. सेल्सिअसचे 10 अंश म्हणजे 50 फॅरेनहाइट, 20 अंश म्हणजे 68. कारण सूत्रात 32 मिळवलेले असतात. म्हणून सरळ रेषेचे समीकरण वाचताना चढाइतकेच सुरुवातीकडेही लक्ष द्यावे.