विश्लेषण : बीबीए, फायनान्स, मानसशास्त्र की आंतरराष्ट्रीय संबंध? पदवीच्या नावामागचे नियम काय सांगतात?

बारावीचा निकाल लागला की महाविद्यालयांच्या माहितीपुस्तिका घरोघरी उघडल्या जातात. बिझनेस, फायनान्स, सायकॉलॉजी, ग्लोबल अफेअर्स अशी आकर्षक नावे त्यात शेजारी शेजारी छापलेली असतात. मात्र प्रत्येक नावामागची नियामक संस्था वेगळी, प्रवेशाची वाट वेगळी आणि पदवीनंतर मिळणारा अधिकारही वेगळा. नाव पाहून घेतलेला प्रवेश तीन वर्षांनी महागात पडू शकतो.

व्यवस्थापनाच्या पदवीत काय बदलले?

बीबीए, बीएमएस आणि बीसीए हे अभ्यासक्रम २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या (एआयसीटीई) कक्षेत आले. त्यानंतर महाराष्ट्रात या अभ्यासक्रमांसाठी सीईटी सक्तीची झाली. पहिल्याच वर्षी जागा जास्त आणि परीक्षा दिलेले विद्यार्थी कमी, अशी स्थिती झाल्याने अतिरिक्त सीईटी घ्यावी लागली. याच काळात अनेक महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचे नाव बदलून तो ‘बी.कॉम.’च्या छत्राखाली आणला. त्यामुळे तेथील प्रवेशासाठी सीईटीची गरज उरली नाही.

विद्यार्थ्याच्या दृष्टीने याचा अर्थ काय? वर्गात शिकवला जाणारा भाग बराचसा सारखा असला, तरी गुणपत्रिकेवरील पदवीचे नाव वेगळे असते. शिवाय व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या अनेक शुल्क सवलत योजनांमध्ये केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतलेला असण्याची अट असते. त्यामुळे शिष्यवृत्तीवर शिक्षण अवलंबून असलेल्या कुटुंबाने अभ्यासक्रमाला एआयसीटीईची मान्यता आहे का आणि प्रवेश ‘कॅप’मधून आहे का, हे दोन प्रश्न अर्ज भरण्याआधीच विचारायला हवेत.

फायनान्सची पदवी पुरेशी आहे का?

मुंबई विद्यापीठात अकाउंटिंग अँड फायनान्स, बँकिंग अँड इन्शुरन्स, फायनान्शियल मार्केट्स हे वाणिज्य शाखेतील लोकप्रिय अभ्यासक्रम आहेत. पायाभरणीसाठी ते उपयुक्त आहेत. मात्र लेखापरीक्षण अहवालावर सही करण्याचा अधिकार सनदी लेखापालालाच असतो. ‘सीए’साठी बारावीनंतर फाउंडेशन परीक्षेची वाट आहे. पदवीनंतर थेट प्रवेश हवा असेल, तर वाणिज्य पदवीधरांना किमान ५५ टक्के आणि इतर पदवीधरांना ६० टक्के गुण लागतात. म्युच्युअल फंड विक्रीसारख्या कामांसाठी ‘एनआयएसएम’ची प्रमाणपत्र परीक्षा द्यावी लागते. ‘सेबी’ने स्थापन केलेल्या या संस्थेचे संकुल रायगड जिल्ह्यात पाताळगंगा येथे आहे. थोडक्यात, पदवी सुरू असतानाच यापैकी एखाद्या परीक्षेची तयारी केली, तर वेळ वाचतो.

मानसशास्त्राबाबत सर्वाधिक गैरसमज का?

मानसशास्त्रात बी.ए. किंवा एम.ए. झालेली व्यक्ती आपोआप चिकित्सा मानसशास्त्रज्ञ ठरत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची (आरसीआय) मान्यता असलेले, प्रत्यक्ष रुग्णांसोबतच्या प्रशिक्षणाचा समावेश असलेले शिक्षण आणि परिषदेकडे नोंदणी आवश्यक असते. आजवर त्याची मुख्य वाट दोन वर्षांच्या पूर्णवेळ एम.फिल.ची होती. नव्या शैक्षणिक धोरणानंतर एम.फिल. पदवी बंद झाली. या विषयापुरती तिला २०२५-२६ पर्यंत मुदतवाढ मिळाली. त्यामुळे आता प्रवेश घेणाऱ्यांनी परिषदेचे नवे अभ्यासक्रम आणि त्यांना मान्यता असलेल्या संस्थांची यादी तपासणे गरजेचे आहे.

दुसरा बदल दूरस्थ शिक्षणाचा. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्रात दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने नवे प्रवेश देऊ नयेत, असा आदेश विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) दिला. संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या २०२१ च्या कायद्याचा त्याला आधार आहे. नोकरी सांभाळून घरबसल्या मानसशास्त्राची पदवी घेऊ पाहणाऱ्यांना याचा थेट फटका बसतो.

ग्लोबल अफेअर्स शिकल्यावर परराष्ट्र सेवेत जाता येते का?

थेट नाही. भारतीय परराष्ट्र सेवेत जाण्याचा मार्ग केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतूनच जातो आणि त्यासाठी मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणतीही पदवी चालते. राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध, मानसशास्त्र, व्यवस्थापन, वाणिज्य व लेखाशास्त्र हे चारही विषय या परीक्षेच्या वैकल्पिक यादीत आहेत. आंतरराष्ट्रीय संबंधांचा अभ्यास संशोधन, पत्रकारिता, स्वयंसेवी संस्था, व्यापारविषयक सल्ला या क्षेत्रांत उपयोगी पडतो. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात यासाठी स्वतंत्र स्कूल आहे, तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग आहे. या क्षेत्रात परकीय भाषेची जोड पदवीइतकीच मोलाची ठरते.

परदेशी विद्यापीठांच्या शाखांचे काय?

यूजीसीच्या २०२३ च्या नियमावलीनुसार परदेशी विद्यापीठांना भारतात शाखा उघडता येते. नवी मुंबईतील नियोजित शैक्षणिक संकुलासाठी जून २०२५ मध्ये पाच परदेशी संस्थांना इरादापत्रे देण्यात आली. या नियमावलीखालील शाखेतील पदवी मूळ विद्यापीठाच्याच नावाने मिळते आणि तिला वेगळी समकक्षता घ्यावी लागत नाही. शुल्क ठरवण्याची मुभा मात्र संस्थेला आहे. शुल्क व परताव्याचे नियम असलेली माहितीपुस्तिका प्रवेश सुरू होण्याच्या किमान ६० दिवस आधी जाहीर करणे बंधनकारक आहे. ती न वाचता पैसे भरू नयेत.

निवड चुकली तर?

नव्या चौकटीत तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२०, तर चार वर्षांच्या ऑनर्ससाठी १६० श्रेयांक लागतात. मुख्य विषयासोबत दुय्यम विषय घेता येतो. मिळवलेले श्रेयांक ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये जमा राहतात. म्हणजे फायनान्सच्या विद्यार्थ्याला मानसशास्त्राची ओळख करून घेता येईल, पण महाविद्यालयाने तो दुय्यम विषय ठेवला असेल तरच. त्यामुळे प्रवेशाआधी माहितीपुस्तिकेतील चकचकीत छायाचित्रांपेक्षा मान्यतेचा क्रमांक, पदवीचे पूर्ण नाव आणि दुय्यम विषयांची यादी या तीन गोष्टी आधी पाहाव्यात.