काडीवरचं ऑइल काय सांगतं

ऑइल काळं दिसलं म्हणजे ते खराबच झालं असं नाही, हे सांगितलं की आमचं गिऱ्हाईक माझ्याकडे संशयाने बघतं. मेकॅनिक असून धंदा नाकारतोय? ‘काळुं थई गयुं छे, बदली नाखो ने,’ म्हणत ते गाडीची चावी पुढे करतं. मी मूळचा नंदुरबारचा. सुरतेच्या कतारगामात हिऱ्याच्या कारखान्यांच्या शेजारी माझं टू-व्हीलरचं गॅरेज आहे. जेवणाच्या सुट्टीत येणारे बहुतेक जण रत्नकलाकार. हिऱ्यात रंग चढला की भाव उतरला, हा त्यांच्या धंद्याचा नियम. तोच ते ऑइललाही लावतात.

ऑइलचा हिशेब वेगळा आहे. डब्यातलं ऑइल म्हणजे निव्वळ तेल नव्हे. इंजिन आतून साफ ठेवणारी आणि काजळीचे कण एकमेकांपासून सुटे ठेवणारी रसायनं त्यात असतात. इंधन जळताना थोडी काजळी पिस्टन रिंगांच्या फटीतून खाली उतरते. तिने कुठेतरी थर धरण्यापेक्षा ती ऑइलमध्ये तरंगत राहिलेली बरी. ती तरंगते म्हणूनच ऑइल काळं होतं. डिझेल टेम्पोत तर नवं ऑइल घालून थोडी धाव झाली की ऑइल मोजायची काडी काळी. घाबरायचं ते काळं ऑइल घट्ट, चिखलासारखं झालं तर.

उलट फसवणूक सीएनजीत होते. सुरतेत रिक्षा बहुतेक गॅसवर. गॅस जळताना काजळी फार कमी होते, त्यामुळे ऑइल पुष्कळ दिवस सोनेरी राहतं आणि रिक्षावाला खूश असतो. पण आतल्या उष्णतेने आणि जळालेल्या वायूतल्या नायट्रोजनच्या संयुगांनी तेच ऑइल हळूहळू दाट होत असतं, आम्लं धरत असतं. रंगावर जाऊन ऑइल बदलणं लांबवणाऱ्या सीएनजीवाल्याची मला काळ्या ऑइलवाल्यापेक्षा जास्त काळजी वाटते.

मग बघायचं कसं? बाइक मधल्या स्टँडवर सरळ उभी करा, दोन-तीन मिनिटं चालू ठेवून बंद करा, थोडं थांबा. काडी पुसून परत घाला. पुष्कळ बाइकमध्ये पातळी बघताना काडीचे आटे फिरवायचे नसतात, ती नुसती टेकवायची. रंग नंतर, आधी पातळी. न भरताच पातळी वाढलेली दिसली तर ऑइलमध्ये दुसरं काहीतरी शिरलंय, आणि ते काय हे बऱ्याचदा नाकच सांगतं.

काडीला पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर जुन्या गाडीत आधी कार्बोरेटर बघावा. त्यातली सुई नीट बसत नसेल तर पेट्रोल झिरपत खाली उतरतं आणि ऑइल पातळ होतं. एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या, त्यात कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं, आणि ही तक्रार माझ्याकडे कमी झाली. जळका, नाक चुरचुरवणारा वास आला तर मी क्लच तपासतो. बहुतेक बाइकमध्ये इंजिन, गिअर आणि क्लचप्लेटा एकाच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. अर्धा क्लच दाबून ट्रॅफिकमध्ये रांगणाऱ्याची प्लेट घसरून तापते आणि तिचा वास ऑइलला लागतो. कारच्या ऑइलला गोडसर वास आला तर त्यात कूलंट शिरल्याचा संशय घ्यावा, बहुधा हेड गॅस्केट गेलेलं असतं.

पाणी मात्र डोळ्यांनीच कळतं. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून नऊ लाख क्युसेकच्या घरात पाणी सुटलं आणि तापीने सुरतेचा बहुतेक भाग बुडवला. मी तेव्हा उस्तादांच्या हाताखाली शिकत होतो. पूर ओसरल्यावर गल्लीत चिखलाने भरलेल्या गाड्यांची रांग लागली. उस्ताद आधी काही विचारायचे नाहीत, खालचा ड्रेन नट खोलायचे. आधी स्वच्छ पाणी आणि मागून ऑइल आलं, तर मालकाने किक मारलेली नाही, कारण पाणी जड, ते तळाशी बसलेलं असतं. पहिल्या थेंबापासून दुधाच्या चहाच्या रंगाचं पडलं, तर इंजिन फिरवून पाणी आणि ऑइल घुसळून झालेलं आहे. मालक शपथेवर ‘हात नथी लगाड्यो’ म्हणत असायचा. बिचारा! असं घुसळलेलं ऑइल बेअरिंग सांभाळू शकत नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना जोर केला तर कनेक्टिंग रॉडही वाकतो. आजही खाडीला पूर आला की लिंबायतकडून आपली खानदेशी मंडळी फोन करतात. माझं पहिलं वाक्य तेच असतं: भाऊ, सेल्फ मारू नको, ढकलत आण. मग स्वस्त ऑइल भरून, थोडं फिरवून, काढून टाकायचं; दुधाळपणा जाईपर्यंत परत तेच.

फक्त झाकणाच्या आत पांढुरका थर आणि काडीवर ऑइल स्वच्छ, असं असेल तर घाबरू नका. घर ते कारखाना एवढंच अंतर चालणारी गाडी पुरती तापत नाही, आतली वाफ झाकणाखाली जमते. एखाद्या रविवारी तिला डुमसच्या किनाऱ्यापर्यंत फिरवून आणा.

ऑइलमधल्या धातूच्या कणांची चकाकी बघायला माझ्याकडचं गिऱ्हाईक माझ्यापेक्षा तयार. एकाने खिशातून दहा पटीचं आयग्लास काढून ट्रेमधलं ऑइल न्याहाळलं आणि कण लांबट आहेत की गोल तेही सांगितलं. मी फक्त लोहचुंबक फिरवला. चिकटलं ते पोलाद, म्हणजे गिअर किंवा बेअरिंग. राहिलं ते ॲल्युमिनियम किंवा पितळ. नव्या गाडीच्या पहिल्या सर्व्हिसला बारीक भुकटी निघणारच. नखाला लागेल असा तुकडा निघाला तर इंजिन खोलावं लागतं.

आणखी एक जुनी युक्ती: टीपकागदावर एक थेंब टाकून रात्रभर ठेवायचा. करडा डाग सारखा पसरला तर ऑइलमध्ये अजून दम आहे. मधोमध काळा गोळा आणि त्याची कडा धारदार राहिली तर काजळी धरून ठेवायची ताकद संपली. हिऱ्याच्या पडीक्याचा, म्हणजे पुडीचा, कागद यासाठी घेऊ नका, तो गुळगुळीत असतो, शोषत नाही. रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये अशा तपासणीसाठी प्रयोगशाळाच असते, ऑइलमध्ये कुठला धातू किती हे तिथे यंत्र सांगतं. बाइकच्या लिटरभर ऑइलसाठी तो खर्च कोण करणार? आणि दाटपणा नेमका किती घटला, रसायनं किती उरली, हे काडी सांगत नाही. म्हणून गाडीच्या पुस्तकात दिलेले किलोमीटर किंवा महिने, जे आधी भरेल ते धरायचं. वासाने किंवा रंगाने शंका आली तर त्याच्याही आधी.

वास घ्यायचा तो काडी हातभर लांब धरून. वापरलेल्या ऑइलमध्ये कॅन्सरला कारण होणारे पदार्थ असतात, म्हणून माझ्या पोरांना मी हातमोज्यांशिवाय नट खोलू देत नाही. कायद्यानेही ते घातक कचरा आहे, गटारात ओतायचं नाही. रिकामे डबे विकत घेणारेही फिरत असतात, त्यात भलतंच ऑइल भरून ते पुन्हा नव्याच्या भावात विकलं जातं. त्यामुळे ऑइल ओतून झालं की गिऱ्हाइकासमोरच मी डब्याला स्क्रू-ड्रायव्हरने भोक पाडतो.