आयतोबा नव्हे, शेजारघरचा जावई!

मधपेटीचं झाकण उघडलं, की पाहायला जमलेल्या बायका आधी राणी शोधतात. ‘दिसली का वो ताई? कुठे लपली?’ असा एकच गलका होतो. राणी दिसली, की नवी नवरी पाहिल्याचा आनंद! मग लक्ष जातं चौकटीवर सुस्तपणे फिरणाऱ्या जाडजूड, मोठ्ठ्या डोळ्यांच्या माश्यांकडे. हे नर. ते काय काम करतात, असं कुणीतरी विचारतं. ‘काही नाही, नुसतं बसून खातात,’ असं उत्तर मिळालं, की हशा पिकतो. ‘अवं माय, म्हणजे आमच्या घरच्यासारखेच!’

हसण्यापुरतं ठीक आहे. पण याच समजुतीतून काही जणी नर दिसला की चिरडतात, नरांची घरं दिसली की सुरीनं कापून टाकतात. फुकट मध खाणारी तोंडं कमी झाली, असा त्यांचा हिशोब. मैत्रिणींनो, हा हिशोब चुकतो. आणि त्याची भरपाई आपल्याला तर करावी लागतेच, शेजारणीलाही करावी लागते. ती कशी, ते समजून घेऊ या.

बाप नाही, पण आजोबा आहे!

नर ओळखणं सोपं. अंगानं कामकरी माशीपेक्षा जाड, पोटाचं टोक बोथट, आणि डोळे इतके मोठे, की डोक्यावर एकमेकांना भिडलेले. उडताना घूंघूं आवाज मोठा. त्याला नांगी नसते, त्यामुळे हातावर घेतला तरी चावत नाही. त्याच्या पायाला परागाची टोपली नाही, पोटात मेण तयार करणाऱ्या ग्रंथी नाहीत. म्हणजे तो आळशी नाही, त्या कामाची हत्यारंच त्याला मिळालेली नाहीत.

त्याच्या जन्माची गोष्ट तर आणखी नवलाची. राणी फलित अंडं घालते, त्यातून कामकरी माशी किंवा नवी राणी होते. अफलित अंड्यातून होतो नर. म्हणजे नराला आई असते, बाप नसतो. पण आईला बाप असल्यामुळे आजोबा मात्र असतो! आजच्या पोलंडमध्ये जन्मलेल्या यान जेर्झोन या धर्मगुरूंनी हे १८४५ मध्ये मांडलं, तेव्हा लोकांचा विश्वास बसला नव्हता. पेट्यांमध्ये ठेवतात त्या मेलिफेरा जातीत राणी १६ दिवसांत, कामकरी २१ दिवसांत आणि नर २४ दिवसांत घराबाहेर पडतो. नराची घरं आकारानं मोठी, बहुधा पोळ्याच्या खालच्या कडेला, आणि वरचं झाकण फुगीर. आपल्या सातेरीच्या नराच्या झाकणाला तर मधोमध एक बारीकसं छिद्र असतं.

बहिणीसाठी नव्हे, दुसऱ्याच्या लेकीसाठी

आपल्याकडे मुलीला स्थळ बघताना आधी गोत्र विचारतात. मधमाश्यांनी हा नियम आपल्याही आधीपासून पाळलेला आहे. पेटीतला नर पेटीतल्या राणीच्या उपयोगाचा नसतोच, कारण ती त्याची आई! नवी राणी निघाली तर ती बहीण. म्हणून दुपारच्या उन्हात नर बाहेर पडतात आणि गावाबाहेर आकाशात एखाद्या ठरावीक जागी जमतात. आजूबाजूच्या अनेक वसाहतींतले नर तिथे येतात. नवी राणी लांब उडून तिथे जाते आणि हवेतच दहा-वीस नरांशी तिचा संग होतो. संग झालेला प्रत्येक नर तिथेच मरतो. राणी मात्र ती शिदोरी पोटातल्या पिशवीत साठवून घरी येते आणि पुढे दोन-तीन वर्षं तीच पुरवून अंडी घालते. पुन्हा लग्न नाही.

आता समजा, गावात एक-दोनच पेट्या आहेत, किंवा पेट्या बऱ्याच आहेत पण सगळ्यांनी नर कापून टाकले आहेत. मग राणीला परकी स्थळं मिळणार कुठून? एक तर पुरेशी शिदोरी मिळत नाही, किंवा सख्ख्या भावांशीच गाठ पडते. अशा जवळच्या नात्यातल्या जोडीच्या अंड्यांपैकी निम्म्यापर्यंत अंडी वाया जाऊ शकतात. फलित असूनही त्यांतून कामकरी माशी होत नाही, विचित्र नर अळी निघते, आणि कामकरी माश्या ती लहानपणीच खाऊन टाकतात. चौकट उघडली की पिल्लांची घरं एकसंध दिसण्याऐवजी चाळणीसारखी, मधे मधे रिकामी दिसतात. माश्या वाढत नाहीत, मध येत नाही, आणि बाई म्हणते, ‘आमच्या पेटीला नजर लागली!’

म्हणजे तुमच्या पेटीतला नर शेजारणीच्या पेटीचा जावई आहे आणि तिच्याकडचा तुमचा. तुम्ही तुमचे नर मारले, तर शेजारणीच्या राणीचं लग्न खोळंबतं. शेळीचा बोकड किंवा गाईचा वळू गावात एक चांगला असला तरी भागतं. इथे एकट्यानं भागत नाही.

नरांवरून पेटीची तब्येत

फुलोरा भरात असताना पेटीत शे-दोनशे किंवा त्याहून जास्त नर दिसले, तर घाबरू नका. घर भरलेलं असलं की पाहुणे परवडतात, तसंच हे. वसाहत सुखात आहे आणि नवी राणी काढायच्या तयारीत असेल, असं समजा. फुलं संपली, खायची टंचाई आली, की कामकरी माश्या स्वतःच नरांना ओढून दाराबाहेर काढतात. दारात मेलेले नर दिसले, तर पेटीत खाणं कमी आहे का, ते आधी बघा.

काळजी करायची ती एका गोष्टीची. कामकरी माश्यांच्या लहान घरांवरच फुगीर झाकणं दिसू लागली, एकेका घरात दोन-तीन अंडी दिसली आणि राणी सापडत नसली, तर समजा, राणी गेली आहे आणि कामकरी माश्याच अंडी घालत आहेत. त्यांची अंडी फलित नसल्यानं सगळे नरच निघतात. नव्या राणीचा संग पाऊसझडीमुळे तीन-चार आठवडे लांबला, तर तीही पुढे नरांचीच अंडी घालते. इथे दोष नरांचा नाही, घर चालवणारी नाही. राणी नुकतीच गेली असेल, तर दुसऱ्या पेटीतली ताज्या अंड्यांची चौकट आणून द्या; माश्या त्यातून नवी राणी घडवतात. उशीर झाला असेल, तर जाणत्या माणसाला दाखवून वसाहत दुसरीत मिसळणं बरं. पण चौकट द्यायला जवळ दुसरी पेटी हवी ना? म्हणून एकटीनं एक पेटी घेण्यापेक्षा बचत गटातल्या चार-सहा जणींनी मिळून सुरुवात करावी.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मेलिफेराच्या पेटीत व्हरोआ नावाचा कोळीकिडा नरांच्या घरात जास्त वाढतो, म्हणून जाणकार मधपाळ काही वेळा मुद्दाम नरांची बंद घरं कापून काढतात. तो उपचार आहे. ताप आल्यावर गोळी घेतो, तसा. रोज उठून गोळी कोणी घेत नाही.

आपलं ऊन, आपली फवारणी

आमच्या वरणगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. नर उष्णतेला कामकरी माश्यांपेक्षा नाजूक. कॅनडातल्या संशोधकांच्या प्रयोगात ४२ अंशांना सहा तासांत निम्मे नर मेले. म्हणून पेटी पत्र्याखाली नको. कडुनिंबाच्या किंवा आंब्याच्या गार सावलीत ठेवा. वर ओलं गोणपाट टाका, जवळ मातीच्या परळात पाणी आणि माश्यांना बसायला खडे ठेवा.

दुसरा शत्रू फवारणी. कपाशीवर वापरल्या जाणाऱ्या थायमेथोक्झामसारख्या औषधांनी नर जिवंत राहिले तरी त्यांचं बीज मोठ्या प्रमाणात निकामी होतं, असं स्वित्झर्लंडमधल्या अभ्यासात २०१६ मध्ये दिसलं. बाहेरून नर धडधाकट, आणि राणीची शिदोरी मात्र पोकळ! म्हणून शेजारच्या शेतकरी भाऊंना विनंती करा, फवारणी फुलोऱ्यात नको, आणि करायचीच तर माश्या घरी परतल्यावर संध्याकाळी करा. आपल्या केळीला मधमाशीची गरज नाही, हे खरं. पण कांद्याचं बी, सूर्यफूल, गिलके, दोडके, भोपळा यांना आहे. हे सांगितलं की भाऊ ऐकतात.

साताऱ्यातल्या महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर हे मे २०२२ मध्ये देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. तिथे बहुतेक घरं मधाच्या धंद्यात आहेत आणि भोवती जंगल आहे. तिथल्या राण्यांना स्थळांची वाण पडत नसेल. महाबळेश्वरचं मध संचालनालय आणि पुण्याची १९६२ मध्ये सुरू झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था इथे प्रशिक्षण मिळतं. गटातून दोघींनी जाऊन शिकून यावं.

आणि पेटीची एक वही ठेवा. तारीख, राणी दिसली का, अंडी आहेत का, आणि नर किती, एवढंच लिहायचं. गटाच्या बैठकीत सगळ्यांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवल्या, की कुणाच्या पेटीला कुणाची मदत हवी, ते आपोआप कळतं.