क्षमेच्या आधीची पायरी

घरफोडी होते, आर्थिक फसवणूक होते, कोणावर हल्ला होतो. पीडित व्यक्ती पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदवते आणि त्यानंतर प्रकरण तिच्या हातून निसटते. खटल्याचे शीर्षक असते ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध’ आरोपी. कायद्याच्या दृष्टीने अपराध राज्याविरुद्ध घडलेला असतो; ज्याचे घर फुटले तो केवळ साक्षीदार उरतो. समन्स आले की हजर राहावे, विचारले तेवढेच सांगावे आणि परत यावे. आरोपीला वकील मिळावा, आपली बाजू मांडता यावी, हे योग्यच आहे. परंतु पीडिताला काय हवे आहे, हा प्रश्न या साऱ्या प्रक्रियेत क्वचितच विचारला जातो.

हा प्रश्न केंद्रस्थानी ठेवणाऱ्या विचाराला ‘पुनर्स्थापनात्मक न्याय’ असे म्हणतात. कोणता कायदा मोडला आणि शिक्षा किती, एवढ्यावर तो थांबत नाही. हानी कोणाची झाली, त्यांच्या गरजा कोणत्या आणि त्या भागविण्याचे दायित्व कोणाचे, हे तो पाहतो.

एल्मिरा गावातील प्रयोग

या विचाराचे आधुनिक मूळ कॅनडात सापडते. ऑन्टारिओ प्रांतातील एल्मिरा या लहान गावात मे १९७४ मध्ये दोन तरुणांनी मद्याच्या नशेत एका रात्रीत २२ ठिकाणी नासधूस केली. मोटारींचे टायर कापले, खिडक्या फोडल्या. दोघांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. तेव्हा एका प्रोबेशन अधिकाऱ्याने, दोघांनी पीडितांना प्रत्यक्ष भेटावे, अशी सूचना केली आणि न्यायाधीशांनी ती मान्य केली. ते तरुण दारोदार गेले, आपण कोण हे सांगितले, नुकसानीचा आकडा ऐकला आणि पुढील काही महिन्यांत भरपाई चुकती केली. या अनुभवातून जवळच्या किचनर शहरात पीडित आणि अपराधी यांची भेट घडविणारा उपक्रम सुरू झाला. पुढे न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने बालगुन्हेगारांच्या प्रकरणांत कुटुंबियांसह पीडितालाही चर्चेत स्थान दिले.

पीडिताच्या चार गरजा

अमेरिकेतील अभ्यासक हॉवर्ड झेहर यांनी या विचाराला शास्त्रीय बैठक दिली. त्यांच्या मांडणीत पीडिताच्या चार गरजा येतात. पहिली माहितीची : हे का घडले, माझेच घर का, तपास कोठवर आला? दुसरी आपली हकीकत सांगण्याची, आणि ती मान देऊन ऐकली जाण्याची. तिसरी, गुन्ह्याने हिरावून घेतलेला आयुष्यावरील ताबा परत मिळविण्याची. चौथी भरपाईची. भरपाईची रक्कम नेहमी नुकसानीइतकी असेलच असे नाही. मात्र चूक माझी नव्हती, समोरच्याची होती, ही कबुली तीत असते. म्हणूनच लहान रकमेलाही पीडिताच्या लेखी मोठे मोल असते.

आपल्या कायद्यातील तरतुदी

भारतीय कायद्यात ही जाणीव उशिरा, पण निश्चित आली. फौजदारी प्रक्रिया संहितेतील २००८ च्या दुरुस्तीने पीडिताची व्याख्या झाली आणि राज्यांवर भरपाई योजना आखण्याचे बंधन आले. आरोपीचा शोध लागला नाही, तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाईसाठी अर्ज करता येतो. २०१३ मध्ये महाराष्ट्राने बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिडहल्ला यांतील पीडितांसाठी ‘मनोधैर्य’ योजना सुरू केली. त्याच वर्षी महाराष्ट्रातून गेलेल्या अंकुश शिवाजी गायकवाड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की प्रत्येक फौजदारी खटल्यात भरपाईच्या प्रश्नाचा विचार करणे आणि त्याची कारणे नोंदविणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार तपासाची प्रगती फिर्यादीस किंवा पीडितास ९० दिवसांत कळविणे पोलिसांवर बंधनकारक आहे. चोरीचे दागिने हस्तगत झाल्यावर ते वर्षानुवर्षे मुद्देमाल म्हणून पोलीस ठाण्यात पडून राहू नयेत. पंचनामा, छायाचित्रे व हमीपत्र घेऊन ते लवकर परत द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितले आहे. असा अर्ज न्यायालयात करता येतो, हे अनेक कुटुंबांना ठाऊकच नसते.

समेट म्हणजे न्याय नव्हे

येथे एक धोका ओळखला पाहिजे. पुनर्स्थापनात्मक न्यायाच्या नावाखाली पीडितावर समेटाचे दडपण येऊ शकते. जुलै २०२० मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने विनयभंगाच्या एका प्रकरणात आरोपीला जामीन देताना, त्याने मिठाई घेऊन तक्रारदार महिलेच्या घरी जावे आणि तिला राखी बांधण्याची विनंती करावी, अशी अट घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये ती रद्द केली. ज्याची भीती वाटते त्याला भाऊ मानायला लावणे ही भरपाई नव्हे. तो दुसरा आघात आहे. एल्मिरात अपराध्यांनी गुन्हा आधी कबूल केला होता, भेट त्यानंतर झाली. हा क्रम उलटला की सारा विचारच कोसळतो.

क्षमावाणीची परंपरा जपणाऱ्या समाजाने हे विशेष ध्यानात घ्यावे. त्या दिवशी क्षमा मागणारा स्वतःहून पुढे येतो. क्षमा करणाऱ्यास कोणी ओढून आणत नाही. आलोचनेतही दोषाची कबुली आधी येते, प्रायश्चित्त नंतर. असे असता घरातील सुनेवर अत्याचार झाला, विधवा भगिनीची ठेव नातलगाने बुडविली, की ‘आता क्षमा करा, घरची गोष्ट चव्हाट्यावर नको’ असा उपदेश प्रथम पीडितालाच का केला जातो? क्षमा हे पीडिताचे दान आहे. त्याची वसुली कोणालाही करता येत नाही.

समाजातील ज्येष्ठांपुढे असे प्रकरण आले, तर पहिला प्रश्न पीडिताला विचारावा : आपल्याला काय हवे आहे? उत्तर पुरते ऐकून घ्यावे. तिने कायद्याचा मार्ग निवडला, तर पोलीस ठाण्यात आणि न्यायालयात कोणीतरी सोबत जावे, विधी सेवा प्राधिकरणाचा अर्ज भरून द्यावा. ज्याने हानी केली त्याला कबुली आणि भरपाई यांची आठवण करून द्यावी. एवढे झाल्यावरही क्षमा करावी की नाही आणि केव्हा, हे ठरविण्याचा अधिकार एकट्या पीडिताचाच राहतो.